आमच्या ह्यांची उष्णता

आमच्या घरात सगळ्या दुखण्यांचं नाव एकच आहे, उष्णता. तोंड आलं, उष्णता. डोळे लाल झाले, उष्णता. नणंदेचा फोन आला की माझं डोकं चढतं, तीही उष्णताच. त्यामुळे यंदा पावसाळ्यात ह्यांना लघवीला जळजळ व्हायला लागली, अर्ध्या अर्ध्या तासाने उठावं लागलं आणि खुर्चीत बसलं की खाली ठणकायला लागलं, तेव्हा ह्यांनी डॉक्टरचं काम स्वतःच उरकून टाकलं आणि वाटीभर सब्जा भिजत घातला.

सब्जा झाला, धने-जिऱ्याचं पाणी झालं, वाळ्याचं सरबत झालं. एवढं पोटात गेल्यावर माणूस पाव तासाने उठायला लागला, यात नवल ते काय! शेवटी एका दुपारी थंडी वाजून ताप भरला. मग मात्र मी विचारत बसले नाही. रिक्षा केली आणि वर्तकनगरहून थेट नौपाड्यातल्या मूत्रविकारांच्या डॉक्टरांकडे ह्यांना नेऊन बसवलं.

"थोडी उष्णता झालीय," हे म्हणाले.

डॉक्टरांनी तपासलं, लघवी तपासायला पाठवली आणि म्हणाले, "काका, उष्णता नाही. प्रोस्टेटला सूज आलीय, जंतुसंसर्गामुळे."

हे माझ्याकडे बघायला लागले. मी बाहेर जाऊन बसावं असं त्यांचं म्हणणं असावं. मी खुर्ची आणखी पुढे ओढली.

"एखादं इंजेक्शन द्या ना, म्हणजे काम खलास," हे म्हणाले. "गणपतीला गावी जायचंय."

"एका इंजेक्शनने भागत नाही. त्या ग्रंथीत औषध सहज शिरत नाही, म्हणून अँटिबायोटिक चार आठवडे घ्यायचं. रात्री एक वेगळी गोळी देतो, तिने आतले स्नायू सैल पडतात आणि लघवी मोकळी होते. ती घेतल्यावर झटकन उठायचं नाही, चक्कर येईल. दुखण्याची गोळी फक्त पहिले काही दिवस. आणि बरं वाटलं म्हणून कोर्स मध्येच सोडायचा नाही."

शेवटचं वाक्य मी ऐकलं. ह्यांनी सोयीस्करपणे ऐकलं नाही.

ह्यांचा खरा घोर वेगळाच होता. आमच्या वाडीची माणसं कोणी वर्तकनगरात, कोणी दिव्यात, कोणी डोंबिवलीत. गणपतीला सगळे मिळून एक एसटी ठरवतो आणि सकाळी आमच्या कॉलनीच्या गेटवरून गाडी सुटते. कारभारी ह्यांचा चुलतभाऊ सुदेश. गळ्यात शिट्टी अडकवून फिरतो, गाडी सुटते-थांबते ती त्याच शिट्टीवर. त्याचा नियम असा, की माणगावला जेवायला उतरेपर्यंत गाडी कुठेही थांबणार नाही. एकदा थांबलो की ट्रॅफिकमध्ये अडकलो, म्हणतो. आणि हे घरातले थोरले, गणपतीची पूजा ह्यांच्या हातची. लग्न होऊन आले तेव्हापासून एकदाही चुकलेली मी पाहिली नाही.

"अख्ख्या वाडीसमोर गाडी थांबवायला सांगू? का, तर मला लघवीला लागलीय म्हणून?" एका संध्याकाळी हे म्हणाले. "त्यापेक्षा मी येतच नाही, शीला. पूजा धाकट्या भावाला करू दे."

बोलताना त्यांचे डोळे भरून आले. मला फार वाईट वाटलं. माणूस हट्टी आहे, पण गणपती म्हणजे त्याचा जीव की प्राण.

आठवड्याभरात गोळ्यांनी गुण दिला. ताप गेला, ठणका गेला, हे शीळ घालत दाढी करायला लागले. आता गणपतीपर्यंत खडखडीत बरे होणार म्हणून मीही खुशीत होते. तेवढ्यात एक दिवस कढीपत्त्याच्या कुंडीतली माती उकरायला घेतली, तर आत पांढऱ्या गोळ्या! एक नाही, दोन नाही, चांगली मूठभर.

"अहो, हे काय पेरलंत?"

"त्या गोळ्या गरम पडतात गं," हे म्हणाले. "उष्णतेवर उष्णता कशाला?"

मी घर डोक्यावर घेतलं. उपयोग शून्य. दोन दिवसांनी ताप आणि ठणका हातात हात घालून परत आले. डॉक्टरांनी नव्या तपासणीवरून अँटिबायोटिक बदललं आणि चार आठवडे पुन्हा पहिल्यापासून मोजायला घेतले. म्हणजे कोर्स चालू असतानाच गणपती येणार. ह्यांचा चेहरा पार उतरला.

तेव्हा मी आरडाओरडा बंद केला आणि डोकं चालवलं. "गोळी गरम पडते ना? मग तिच्यामागून चमचाभर गुलकंद खायचा. उष्णता जागच्या जागी खलास. पण दोन्ही माझ्यासमोर."

"हे त्या डॉक्टरला सुचायला नको?" हे म्हणाले, आणि त्या दिवसापासून एकही गोळी चुकली नाही.

जायचा दिवस आला तेव्हा दुखणं निम्म्याच्या वर ओसरलं होतं. येत नाही, येत नाही म्हणत होते, मी जवळजवळ ढकलूनच गाडीत बसवलं. पनवेलपर्यंत ठीक चाललं. पेण जवळ आलं तशी ह्यांची चुळबुळ सुरू झाली.  मग कपाळावर घाम.

"सुदेशला सांगते," मी कानात म्हणाले.

"माझी शपथ आहे तुला."

ती शपथ मी पाळणार होते, खोटं कशाला सांगू. पण तेवढ्यात माझं लक्ष पुढच्या सीटवर बसलेल्या, वाडीतल्या सगळ्यात म्हाताऱ्या सखुबाईंकडे गेलं. ओठ सुकलेले, मांडीवर भरलेली पाण्याची बाटली, झाकणही उघडलेलं नाही. या एसटीत बसायचं म्हणजे आम्ही सगळ्या बायका आदल्या संध्याकाळपासून पाणी प्यायचंच सोडतो. गेल्या वर्षी माणगावला उतरताना सखुबाईंना भोवळ आली, तर लोक म्हणाले, वय झालं. सुदेशच्या शिट्टीला कधी कोणी काही बोललं नाही, मीसुद्धा नाही. माझं डोकं असं सणकलं म्हणता!

मी उठून उभी राहिले. "सुदेशभाऊजी, शिट्टी मारा! ह्यांना प्रोस्टेटची सूज आहे, गोळ्या चालू आहेत, दाबून ठेवायचं नाही. साधं झाडझुडूप नको, बायकांची सोय असलेलं हॉटेल बघा."

 ह्यांनी डोळे मिटून घेतले. "वहिनी, नियम..." असं काहीतरी सुदेश पुटपुटला. मग त्याने ह्यांच्याकडे पाहिलं आणि शिट्टी मारली.

हॉटेलसमोर गाडी उभी राहते न राहते तोच पहिला कोण उतरला असेल? खुद्द सुदेश. शिट्टी हातात धरून पळाला. त्याच्यामागून देवराममामा, त्यांच्यामागून पिकल्या केसांची झाडून सगळी पुरुषमंडळी. हे दारात पोचेपर्यंत पुढे ही रांग. बाहेर येता येता देवराममामांनी रांगेतल्या ह्यांना हळूच विचारलं, "कोणता डॉक्टर रे तुझा?" हे अगदी ऐटीत सांगायला लागले. कोर्स कसा मध्येच सोडायचा नाही, हेसुद्धा!

बायकांची रांग तर पार रस्त्यापर्यंत आली. सगळ्यात शेवटी सखुबाई बाहेर आल्या. गाडीच्या पायरीशी उभ्या राहून त्यांनी अख्खी बाटली घटाघटा रिकामी केली, पदराने तोंड पुसलं आणि ह्यांच्या पाठीवरून हात फिरवला.

"मारुती," त्या म्हणाल्या, "पुढच्या गणपतीपर्यंत बरा होऊ नको हां रे बाबा."