चांगुणाचा निरोप

“चांगुणा, तुझ्या बापाला सांग, बालवाडीच्या ताई आल्यात.”

तुळजाने हे चुलीपुढून सांगितलं. बाप, म्हणजे केसरीनाथ, तिथेच ओटीवर बसून बाजेचं सुंभ ओढत होता. मी त्याला दिसत होते, बायकोचं बोलणं ऐकू येत होतं. तरी पठ्ठ्या मान वर करीना. अकरा वर्षांची चांगुणा उठली, डुलत डुलत त्याच्याकडे गेली, त्याचा सदरा ओढला आणि माझ्याकडे बोट केलं. तिला बोलता येत नाही. तोंडातून ‘आं’ आणि ‘बू’ एवढंच निघतं, बाकीचं सगळं बोटाने.

“आयेला सांग, मना डोले हायेत,” केसरीनाथ म्हणाला.

चांगुणा परत फिरली. आईचा पदर ओढून तिने स्वतःच्या डोळ्यांवर बोट टेकवलं.

मी कपाळावर हात मारला. घरात दोन धडधाकट तोंडं, आणि निरोप पोचवणार कोण, तर जिला बोलता येत नाही ती पोर!

आमच्या शेलार गावात मला सगळे ताईच म्हणतात. मी बालवाडी चालवते आणि न बोलावता लोकांची भांडणं सोडवते. आमचे यजमान सावळाराम कापडाच्या लूमवर होते. लूमच्या खडखडाटात ओरडायची सवय, त्यामुळे घरीसुद्धा मीठ मागायचं तर ओरडूनच. ते गेले आणि माझं घर गप्प झालं. आता भांडायला घरात माणूस नाही. म्हणूनच, जिवंत माणूस समोर असताना अबोला धरून बसणाऱ्यांचा मला भयंकर राग येतो.

ह्या दोघांचा अबोला केसरीनाथच्या भावाच्या हळदीपासूनचा. आगऱ्यांची हळद म्हणजे लग्नापेक्षा मोठी, अख्खा गाव नाचतो. त्याच दिवशी केसरीनाथने चांगुणाला सकाळीच पूर्ण्याला मावशीकडे पोचवलं, तुळजाला न विचारता. माझी पोर चारचौघांपासून लपवली, म्हणून तुळजा बोलायची थांबली. मग तोही थांबला. दिवाळी गेली, शिमगा गेला. नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही, पोराला मध्ये घालून बोलायचं, ही गावची रीत जुनीच. ह्यांनी त्या रीतीवर सगळा संसार चालवला.

पण आता अडलं होतं ते चांगुणाचं. भिवंडीत अशा मुलांची शाळा निघाली होती, ब्याण्णव साली. पाटीवर ‘मतिमंद’ लिहिलेलं. शब्द मला आवडला नाही, शाळा मात्र फार आवडली. मोठ्या बाईंची अट एकच: आईबाप दोघांनी मिळून यायचं. शाळेत एक आणि घरी भलतंच, असं झालं तर मूल पुढे सरकत नाही. नाव घालायचा उद्या शेवटचा दिवस होता. तुळजाला शाळा हवी होती, केसरीनाथला नको होती.

“चांगुणा, बापाला इचार, आपण गेल्याव तुझा काय?”

“आयेला सांग, बाप अजून मेला न्हाय.”

हा निरोप बोटाने कसा सांगायचा? चांगुणा अर्ध्या वाटेत उभी राहून डोकं खाजवायला लागली.

“बस्स झालं!” मी ओरडले. “पोरीला मी बालवाडीत नेते. आता मध्ये कोणी नाही. बोला, नाहीतर बसा तसेच एकमेकांची तोंडं बघत!”

दिवे लागायच्या वेळी पोरीला घेऊन परत आले, तर आवाज पार रस्त्यापर्यंत येत होता. भांडत होते! एकमेकांशी! इतकं गोड भांडण मी जन्मात ऐकलं नव्हतं.

“का लपवलीव तिला?” तुळजा किंचाळत होती.

“हसत व्हते गो! आदल्या दिशी मांडव घालताना ती नाचली, तर माझ्या सख्ख्या भावानं तिची नक्कल केली. त्याच्या हळदीला त्याच्याच मुस्काटात कशी मारू? म्हून नेली पोरीला.”

“मंग मना का न्हाय सांगला?”

“तू बोलत व्हतीस का माझ्याशी?”

तुळजा हळूच म्हणाली, “मना वाटला, तुमाला लाज वाटते तिची.”

“लाज? माझी पोर हाय ती!” केसरीनाथ ओरडला. “साळंत बी लोका हसली तर?”

“हसू देत. आपन दोघा असू ना तिच्या बाजूला.”

माझे डोळे भरून आले, काय खोटं सांगू! तुळजाने पदराने तोंड पुसलं आणि म्हणाली, “आवो, जेवान वाढलाय.”

“आलो,” तो म्हणाला. सरळ तिला.

चांगुणा दोघांकडे आळीपाळीने बघत राहिली. तिला कोणीच पाठवलं नव्हतं. ती धपकन खाली बसली आणि तिने असं भोकाड पसरलं की शेजारची कुत्री भुंकायला लागली. तुळजाने गूळ दिला, तो भिरकावून दिला. मी जवळ घेतलं, मला बोचकारलं. मला वाटत होतं पोरीच्या डोक्यावर ओझं आहे. ओझं कसलं! ती तिची ड्युटी होती. तिच्यावाचून ह्या घरात पान हलत नव्हतं, आणि मी शहाणीने एका दुपारीत तिला कामावरून काढलं.

केसरीनाथला हे माझ्या आधी कळलं. तो तिच्यापुढे उकिडवा बसला. “चांगुणा, आयेला सांग, उद्या आपल्याला भिवंडीला जायाचा हाय.”

रडणं थांबलं. नाक पुसत ती निघाली. तुळजाने सगळं ऐकलं होतं, तरी ती वाकून म्हणाली, “काय म्हन्तो गो तुझा बाप?”

दुसऱ्या दिवशी तिघं शाळेच्या बाकावर बसली, मी कडेला. खोलीत आणखी पुष्कळ आईबाप होते, त्यांची मुलं होती. मोठ्या बाईंनी तुळजाला विचारलं, तिने मान डोलावली. मग त्या केसरीनाथकडे वळल्या.

“वडिलांचं काय म्हणणं?”

त्याने घसा खाकरला, खोलीभर नजर फिरवली. हा आता उठून जातोय, असंच मला वाटलं.

“चांगुणा,” तो म्हणाला, “बाईंना सांग, बाप हो म्हन्तो.”

अनोळखी माणसाजवळ चांगुणा कधी जात नसे. ती उठली. टेबलाला वळसा घालून डुलत डुलत गेली, बाईंचा पदर ओढला आणि बापाकडे बोट करून जोरजोरात मान हलवली. इतकी जोरात, की वेणीची रिबीन सुटून बाईंच्या शाईच्या दौतीवर पडली. खोलीतली मुलं खदखदून हसली, त्यांचे आईबापही हसले. मी घाबरून केसरीनाथकडे बघितलं.

तो सगळ्यांत मोठ्याने हसत होता.