गावभरचं रक्त

ही गोष्ट कुणालाही खरी वाटणार नाही, आणि ज्याला वाटेल त्याने आधी स्वतःचं रक्त तपासून घ्यावं. लार्नाकाच्या मिरोफोराबाईच्या अंगात तिचं स्वतःचं असं रक्त चमचाभरही नव्हतं. थॅलेसेमिया. दर तिसऱ्या सोमवारी ती इस्पितळात खिडकीजवळच्या आपल्या खुर्चीत बसायची, नर्स दोन पिशव्या टांगायची आणि सायप्रसमधल्या कुणा अनोळखी माणसाचं रक्त थेंबथेंब तिच्यात उतरायचं. रक्ताबरोबर माणूसही उतरतो, असं ती छातीठोकपणे सांगे. एकदा त्रोदोसच्या डोंगरातल्या मेंढपाळाची पिशवी लागली, तर आठवडाभर ती शेजाऱ्यांच्या बकऱ्यांना नावानिशी हाका मारत होती. बकऱ्या ओ देत होत्या. पाफोसच्या कुणा सोंगट्याबहाद्दराच्या पिशवीवर तिने कॉफीच्या दुकानातले सात म्हातारे ओळीने हरवले. आठवा बायकोने बोलावलंय म्हणून उठून गेला.

त्या सोमवारी पहिली पिशवी अर्धी झाली असताना तिच्या बहिणीची मुलगी लुकिया आत आली. हातात एक कागद, पेन, आणि चेहरा चुन्यासारखा.

"मावशी, एकच उरलाय. आणि तो तुझ्यासारखा आहे."

"माझ्यासारखा? म्हणजे देखणा."

"चेष्टा नको गं!"

मिरोफोराला सगळं ठाऊक होतं. लग्नाआधी चर्चला रक्ताचा दाखला लागतो. लुकिया आणि तिचा होणारा नवरा कुरियाकोस तो आणायला गेले तेव्हा दोन हजार लोकांना आमंत्रणं जाऊन चुकली होती. दाखल्यात निघालं, थॅलेसेमियाचा दोष दोघांच्याही रक्तात लपलेला आहे. आता ठरवलेला हॉल रद्द करायचा कुणी? लग्न झालं. मग मूल हवं तर गर्भ बाहेर तयार करायचे, तपासायचे, निरोगी असेल तोच पोटात ठेवायचा. तीन वेळा ठेवला, तीन वेळा गेला. लुकिया एकेचाळीसची झाली. ही शेवटची खेप होती, आणि तिच्यातला एकच गर्भ उरला होता, तोही आजारी.

"डॉक्टर काय म्हणतो?"

"म्हणतो, हल्ली औषधं चांगली आहेत. म्हणतो, निर्णय तुमचा. एक वाजेपर्यंत 'ठेवा' नाहीतर 'नको' लिहून सही करायची."

"आणि कुरियाकोस?"

"गाडीत बसलाय. विचारलं की रडतो."

भिंतीवरच्या घड्याळात बारा वीस झाले होते. मिरोफोराने नळीकडे पाहिलं. लुकियाने 'नको' लिहिलं, तर मग छप्पन्न वर्षं या खुर्चीत जी बसली तिचं काय? तीसुद्धा कुणीतरी कागदावर खोडायलाच हवी होती का? तिला 'ठेवा' हवं होतं.

"ऐक," ती म्हणाली. "माझं काय वाईट झालं? गावभरचं रक्त फुकट प्यायले. जत्रेत नाचले. दोन लग्नं मोडली, दोन्ही मीच मोडली."

"आणि सुई? रक्तातलं लोह काढायची, रोज बारा तास पोटात टोचून ठेवायची ती?"

"डास चावल्यासारखी! मी तर तिला नाव ठेवलं होतं, किरा-मारू, म्हणजे मारूबाई. एकदा ती हरवली तर करमेना मला."

लुकिया खुदकन हसली. पलीकडच्या खुर्चीतला म्हाताराही हसला. मिरोफोराला जोर चढला. "इथल्या मुलांसारखी मजा कुणी केली नाही. बारा जण होतो आम्ही."

"आता किती आहात?"

"बाकीचे... परगावी गेले."

लुकियाने कागद मांडीवर सरळ केला आणि पेनाचं टोपण काढलं. "म्हणजे तो सुखी होईल म्हणतेस. तुझ्यासारखा."

जन्मभर मिरोफोरा थापा मारत आली आणि लोक माना डोलवत हसत आले. आज पहिल्यांदा तिला धास्ती वाटली, की ही पोरगी विश्वास ठेवील. पण जीभ थांबेना. थांबली तर स्वतःलाच खोडल्यासारखं झालं असतं.

"लुकिया, आईशपथ सांगते. जन्माला आले नसते तर बरं झालं असतं, असं मला एकदाही वाटलं नाही. एक दिवससुद्धा."

पेन कागदावर टेकलं. दोन अक्षरं उमटली. मिरोफोराला उलट्या बाजूने ती वाचता आली: नको.

"खोटं!" लुकिया इतक्या मोठ्याने ओरडली की नर्स दारात आली. "खोटं बोलतेस, मावशी! मी पाच वर्षांची होते. दुपारी तुझ्याच पलंगावर झोपेचं सोंग घेऊन पडले होते. तू सुई उपटून भिंतीवर मारलीस आणि देवमातेच्या तसबिरीला विचारलंस, मला कशाला पाठवलंस म्हणून. मग डोळे पुसून मला हलूमी चीज तळून दिलंस आणि बकरीचा आवाज काढून हसवलंस. मला तू हवीच होतीस, अजून हवी आहेस. पण शपथ खोटी आहे तुझी!"