तिसरी हाक

त्या वर्षी जव्हारच्या मुलींच्या वसतिगृहात दहावीला गणित शिकवायला माणूस नव्हता. हेमंत सरांची जूनमध्ये नागपूरला बदली झाली, त्यांची जागा रिकामी पडली आणि दिवाळी सरली तरी रिकामीच होती. पण गणित मात्र बंद पडलं नव्हतं. हेमंत सर नागपुरातल्या त्यांच्या ऑफिसात कामाची वेळ संपली की संगणकापुढे बसत, आणि इकडे अभ्यासिकेतल्या दोन जुन्या संगणकांपुढे मुली आळीपाळीने बसत. इंटरनेटवरच्या गप्पांच्या खिडकीत गणिताचा तास चाले.

हा उद्योग उभा केला होता रोहिदास गुरुजींनी. गुरुजी निवृत्त प्राथमिक शिक्षक. संध्याकाळी वसतिगृहात येऊन मराठी नि इतिहास घेत, तेही हौसेने. गणिताचं पुस्तक उघडलं की आपल्याला जांभई येते, हे ते मुलींना उघड सांगत. म्हणून तर हेमंत सरांना त्यांनी सोडलं नव्हतं. "बदली तुझी झाली रे, माझ्या पोरींची नाही झाली," असं त्यांनी सरांना फोनवर ऐकवलं होतं.

शिकवण्याची रीत साधी होती. मुलीने गणिताची एक पायरी लिहायची, मराठीच पण इंग्रजी अक्षरांत, आणि पाठवायची. तिकडून सरांचा एकच शब्द येई, "पुढे" किंवा "थांब". थांब म्हणजे चूक. कुठली चूक ते सर सांगत नसत; ती आपणच शोधायची. फळ्यासमोर चाळीस जणींत जे कधी जमलं नव्हतं ते इथे जमत होतं, कारण प्रत्येकीची प्रत्येक पायरी सरांना दिसत होती.

त्यात सगळ्यात पुढे निघाली होती बाळी. सूर्यमाळच्या वरच्या पाड्यावरची ही मुलगी. पाचवीत तिने वर्गात घरच्या बोलीत उत्तर दिलं आणि वर्ग हसला, तेव्हापासून तिने वर्गात तोंड उघडलं नव्हतं. बाई ओरडल्या, सर ओरडले, बाळी मान खाली घालून उभी. पण संगणकाला तिचे हेल ऐकू येत नव्हते. तिथे ती सरांना प्रश्न विचारी. एकदा तर तिने सरांची चूक काढली होती, आणि सरांनी "थांब" असं स्वतःलाच लिहिलं होतं. त्या दिवशी ती जेवताना एकटीच हसत होती म्हणे.

त्या संध्याकाळी बाळी वर्गसमीकरण सोडवत होती. तीन पायऱ्यांना "पुढे" आलं. चौथी तिने लिहिली, पाठवली, आणि थांबली. उत्तर आलं नाही. तिने तीच पायरी पुन्हा पाठवली. खिडकीतलं सरांचं नाव काळं होतं ते राखाडी झालं. बाळी उठली आणि दप्तर घेऊन खोलीवर गेली. गुरुजी व्हरांड्यात निबंध तपासत होते. त्यांना वाटलं, लाइन गेली. जव्हारात लाइन जाण्यात नवल ते काय.

दुसऱ्या दिवशी आठवड्याचा बाजार होता. बाळीचा बाप बुधा बाजाराला आला आणि बाळी बोचकं बांधून त्याच्याबरोबर निघून गेली.

"गेली म्हणजे?" गुरुजींनी रंजनाला विचारलं. रंजना बाळीच्या खोलीतली, तिच्याच बाजूच्या पाड्यावरची.

"सर रागवले तिच्यावर, गुरुजी. तिने दोनदा हाक मारली, सरांनी ओ नाही दिली. दार लावून घेतलं."

"कोण म्हणतं?"

"आमच्यात तसंच असतं ना. कुणाच्या घरी गेलं की कुडाबाहेरून हाक मारायची. ओ आली तर आत जायचं. दोनदा मारून ओ आली नाही तर त्यांना आपण नकोय. तिसरी हाक फक्त भिकारी मारतो."

"अगं, पण तिथं कुठं कूड आहे?"

रंजना म्हणाली, "तिचे घरचे जगायला जातायत, गुरुजी. ती पण जाईल."

जगायला जाणं म्हणजे काय हे जव्हार-मोखाड्यात कुणाला सांगावं लागत नाही. भात झोडून झालं, नागली घरात आली की कुटुंबंच्या कुटुंबं भिवंडी-वसईकडच्या वीटभट्ट्यांवर जातात, ती पावसाच्या तोंडावर परततात. दहावीची परीक्षा मार्चमध्ये असते.

गुरुजी आधी टेलिफोन ऑफिसात जाऊन भांडले. तिथल्या माणसाने शांतपणे दाखवून दिलं की लाइन काल दिवसभर चालू होती. मग ते तसेच पाय आपटत दिपेशच्या संगणक क्लासात शिरले. अभ्यासिकेतले दोन्ही संगणक दिपेशनेच जोडून दिले होते. ठाण्याच्या कुठल्या ऑफिसाने टाकून दिलेले डबे ते.

"लाइनचं नाही ते, गुरुजी," दिपेश म्हणाला. "कंपनीने बंद केलंय."

"काय बंद केलंय? सेवा?"

"सेवा चालू आहे. आपल्याला बंद केलंय. बसा, सांगतो. ही गप्पांची सेवा त्या परदेशी कंपनीची. तिचा स्वतःचा प्रोग्रॅम आहे, पण तो जड. जाहिराती, नाचणारी चित्रं, काय काय. आपल्या डब्यांवर तो चढतच नाही, माझ्या क्लासातल्यांवरही नाही. म्हणून मी दुसराच एक छोटा प्रोग्रॅम टाकून दिलेला, बाहेरच्या पोरांनी बनवलेला. त्यातून कंपनीच्या सेवेत जाता यायचं. नाव आपलंच, पासवर्ड आपलाच. काल संध्याकाळपर्यंत कंपनीने चालू दिलं. आता कुलूप बदललं. त्यांच्याच प्रोग्रॅममधून याल तर या, नाही तर नाही."

"का?"

"सुरक्षेसाठी, म्हणतात. फालतू जाहिरातींचे निरोप येतात, ते थांबवायला."

"माझ्या पोरी वर्गसमीकरणं पाठवत होत्या."

"त्यांना काय माहीत, गुरुजी."

"मग माहीत करून घ्यावं. आधी सांगावं. आठ दिवसांनी बंद करतो म्हणून पाटी लावावी. लिहिता लिहिता पोरीच्या हातातली पाटी काढून घ्यायची, ही कुठली सुरक्षा?" गुरुजींचा आवाज चढला तशी क्लासातली टाइप करणारी पोरं थांबली. "विहीर तुझी, बाबा, मान्य. पण पोहरासुद्धा तुझाच पाहिजे? माझा पोहरा मी आणला, दोर माझा, उपसणार मी. तुझं पाणी का आटतंय त्यानं?"

"फुकटची विहीर आहे गुरुजी. फुकटच्या विहिरीवर भांडून कसं चालेल?"

"फुकटच्याच विहिरीवर भांडणं होतात. मे महिन्यात ये सूर्यमाळला, टँकर आल्यावर."

दिपेश हसला. "ते छोटा प्रोग्रॅम बनवणारे काहीतरी तोड काढतील," तो म्हणाला. "मग कंपनी पुन्हा कुलूप बदलेल. मग ते पुन्हा तोड काढतील. बाहेर असंच चाललंय."

"त्यांचा खेळ होतो रे. आमची पोर भट्टीवर जाते."

एसटी स्टँडसमोरच्या हिराबाईच्या बूथवरून त्यांनी नागपूरला फोन लावला. हेमंत सर म्हणाले, "अहो, मी अंधार पडेपर्यंत बसलो होतो. मला वाटलं, मुलीच उठून गेल्या. बाळीची चौथी पायरी आली, बरोबर होती, मी 'पुढे' लिहिलं. ते तिला मिळालंच नाही?"

गुरुजींनी रिसीव्हर असा आदळला की हिराबाई म्हणाली, "मास्तर, फोनाने काय केलंय तुमचं?"

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने ते मोखाड्याला आणि तिथून जीपने सूर्यमाळला गेले. वरच्या पाड्यापर्यंतची चढण त्यांनी रागावर चढली. वाटेत मनातल्या मनात ते कंपनीला पत्र लिहीत होते, आणि प्रत्येक वळणावर पत्र जास्त तिखट होत होतं. पण पत्र द्यायचं कुणाला? शाळेच्या साहेबाला नाव असतं, तहसीलदाराला खुर्ची असते. समोर उभं राहून भांडावं असं एक माणूस त्यांना सापडत नव्हतं, आणि त्याचाच त्यांना सगळ्यात जास्त संताप येत होता.

बुधाच्या अंगणात भांडी पोत्यात भरलेली होती. बाळीची आई सुकरी घोंगडी बांधत होती. दुपारी ट्रक येणार होता.

गुरुजी कुडाबाहेर थांबले. "बाळी," त्यांनी हाक मारली.

घरातून ओ आली नाही. सुकरीने वर पाहिलं आणि पुन्हा गाठ मारायला लागली.

"बाळी."

शेजारच्या अंगणातल्या बायका बघायला लागल्या. बुधा पुढे आला. "नाय येत ती, गुरुजी. सर बोलं नाय तिच्याशी. मंग कसाला जाईल तठं?"

"बाळी, बाहेर ये," गुरुजी तिसऱ्यांदा ओरडले.

शेजारणीतली एक खुदकन हसली. "गुरुजी भीक मांगाया लागलं गं."

"हो, मागतोय," गुरुजी तिच्याकडे वळून म्हणाले. "आणि चौथीही मारणार आहे. ज्याला हसायचं त्याने हसावं."

बाळी दारात आली. तिचे डोळे सुजलेले होते आणि ओठ घट्ट मिटलेले होते. गुरुजींनी स्वतःला आवरलं. लहान मुलाला अक्षर गिरवायला लावावं तशा सावकाश आवाजात त्यांनी सगळं सांगितलं. सर बसले होते. तुझी पायरी पोचली. बरोबर होती. सरांनी "पुढे" लिहिलं. ज्यांच्यामार्फत निरोप जात होते त्यांनी मधेच वाट बंद केली.

बाळी अगदी हळू म्हणाली, "ती कंपनी मला वळखते?"

"नाही."

"मी तिचं काय वाईट केलं?"

"काहीच नाही."

"मंग तिला काय गावलं?"

गुरुजींनी आयुष्यभर मुलांच्या प्रश्नांना उत्तरं दिली होती. पृथ्वी का फिरते, मेलेलं माणूस कुठे जातं, सगळ्याला. "मला कळत नाही, बाळी," ते म्हणाले. "कळलं असतं तर मी इतका चिडलो नसतो."

बुधा इतका वेळ ऐकत होता. "सर रागावलं नाय, असं?" त्याने विचारलं. "नक्की?"

"फोनवर बोल तू स्वतः त्यांच्याशी."

"मी काय बोलू." बुधाने सुकरीकडे पाहिलं. सुकरीने पोत्यात हात घातला, आतून बाळीचा चपलांचा जोड काढला आणि तिच्या पायांपुढे टाकला. एवढंच. ट्रकमध्ये एक माणूस कमी बसणार होता.

संगणकावरचा तास काही सुरू झाला नाही. दिपेश म्हणाला तशी तोड आली, दोन दिवस खिडकी उघडली, आणि पुन्हा मिटली. तेव्हा गुरुजींनी ठरवलं की तास फोनवर घ्यायचा. ते बाळीला हिराबाईच्या बूथवर घेऊन गेले, नंबर लावला आणि रिसीव्हर तिच्या हातात दिला.

"बाळी? बोल, चौथी पायरी बोल," तिकडून सर म्हणत होते. गुरुजींना बाहेरूनही ऐकू येत होतं. बाळीच्या हातात पाटी, पाटीवर सगळं लिहिलेलं, आणि तोंड पाचवीतल्यासारखं शिवलेलं. मीटरचे लाल आकडे पुढे पळत होते. बूथबाहेर माणसं खोळंबली होती.

"दे इकडे," गुरुजींनी रिसीव्हर घेतला. "हेमंत, मी वाचतो तिची पाटी. ऐक. एक्स वर्ग, उणे तीन एक्स, उणे दोन एक्स, अधिक सहा, बरोबर शून्य. झालं? खाली लिहिलंय, एक्स, कंसात एक्स उणे तीन. मग, उणे दोन, कंसात..." ते थबकले. वरच्या ओळीत सहाच्या आधी अधिक होतं, आणि कंसात बाळीने उणे लिहिलं होतं. पोरीची घाईत चूक झाली असं त्यांना वाटलं. सरांकडून तिला "थांब" ऐकायला लागू नये म्हणून त्यांनी ती आपणच सुधारली. "कंसात एक्स अधिक तीन."

"थांब," सर म्हणाले.

"उणे," बाळी म्हणाली.

"हो हो, पण वर अधिक सहा आहे ना गं, म्हणून मी..."

"मी तसं नाय लिवलं." तिचा आवाज चढला. बाहेरची माणसं वळली. "उणे दोन नि उणे तीन, गुणले की अधिक सहाच येतात. मी लिवलंय तसंच सांगायचं ना तुम्ही. मधेच कसाला बदलता?"

गुरुजी काही बोलायच्या आत तिने रिसीव्हर त्यांच्या हातातून ओढून घेतला.

"सर, बाळी बोलते. उणे दोन, कंसात एक्स उणे तीन. गुरुजींनी चुकीचं सांगलं. मी बरोबर लिवलंय. त्या दिशी पण बरोबर लिवलं होतं."

सर काय म्हणाले ते गुरुजींना ऐकू आलं नाही. ते बूथबाहेर येऊन उभे राहिले. कान तापले होते. पोरीने चारचौघांत झापलं होतं आणि झापलं ते योग्यच होतं. आतून बाळी मोठ्याने, घरच्या हेलात, कंस सोडवत होती.

"कोणाशी भांडते ही?" रांगेतल्या एका माणसाने वैतागून विचारलं. "आम्हाला मुंबईला फोन करायचाय. काढा की तिला बाहेर."

"तिचं गणित पुरं व्हायचंय," गुरुजी म्हणाले, आणि दाराला पाठ लावून उभे राहिले.