नळी आभाळाकडे

मित्रांनो, मी साक्षात काळ आहे.

निदान गुणाबाईंचे तसे मत होते. मी कणकुंबीतली एक जुनी ठासणीची बंदूक, शेतराखणीच्या परवान्यावरची. आजवर माझ्या छऱ्यांनी एक भोपळा आणि पंचायतीची पाण्याची टाकी एवढेच बळी घेतले. रानडुकरे माझा बार ऐकून मान वर करत आणि पुन्हा भातात शिरत.

तरी घरात माझा दरारा मोठा. माझ्या खोलीत कुणी झोपत नसे. गावातली माणसे मरत ती सापाने, दारूने आणि सगळ्यांत जास्त खानापूरच्या वाटेवरच्या एका वळणावर. त्या वळणाला मात्र कुणी भीत नसे.

निवडणूक लागली, की परवान्याच्या बंदुका ठाण्यात जमा कराव्या लागतात. गुणाबाईंचे मालक नागोजी मला घेऊन मोटारसायकलवर बसले.

"आवं, आत बार न्हाय न्हवं?" गुणाबाईंनी विचारले.

"न्हाय गं. दोनदा बघितलो."

"तरी नळी माणसाकडं करू नका. आभाळाकडं धरा."

"आभाळात तुझा बा हाय की!"

"असूं दे. त्यो आता परत काय मरत न्हाय."

थोरला मुलगा ओमकार म्हणाला, "आप्पा, मागं बसून मी धरतो की."

"तू त्या बंदुकीला हात लावायचा न्हाईस!" गुणाबाई ओरडल्या. ओमकार मागे सरला.

नागोजींनी एका हाताने मला आभाळाकडे धरले, दुसऱ्याने गाडी हाकली. वाटेतली माणसे मला बघून बाजूला होत. नागोजींना त्याची मौज वाटत होती. वळणावर समोरून लाकडाचा ट्रक आला. गाडी आवरायला दोन्ही हात लागणार होते. त्यांनी मला सोडले नाही.

मी झुडपात पडले. मला ओरखडाही आला नाही.

पोलिसांनी मला जपून उचलले आणि कुलपात ठेवले. नागोजींच्या मृत्यूचे कारण 'रस्ता अपघात' असे लिहिले, ते खरेच आहे. गुणाबाई ठाण्यात आल्या. गजांतून माझ्याकडे बघत म्हणाल्या, "खाल्लीस न्हवं गं त्यांना?"

 

मित्रांनो, माझी भीती जरूर बाळगा. मी त्याच लायकीची वस्तू आहे. पण घरातली सगळी भीती एकट्या मलाच देऊन टाकू नका. थोडी इतरांसाठीही राखून ठेवा.

मी अजून कुलपात आहे. मोटारसायकल चार दिवसांत घरी परत दिली. तिच्यावरून ओमकार रोज त्याच वळणाने उद्यमबागेतल्या कारखान्यात कामाला जातो. पुढचा ब्रेक लागत नाही.