वेदीची शिंगं

तानुबाई अमरावतीच्या मिशनमध्ये भाजी द्यायला जायची. टोपलीत वर वांगी, खाली सूड. तिच्या पाठच्या भावाला, उत्तमरावला, शेताशेजारच्या शेषरावने जेवायला बोलावलं, हसत पान दिलं आणि विहिरीत लोटलं. धुऱ्यावरच्या, शेताच्या बांधालगतच्या, नांगराच्या दोन तासांपायी! मग मेळघाटच्या रानात दडला. पोलीस हात हलवत परतले.

मिशनच्या आवारात पादरीसाहेबांनी यहुद्यांच्या जुन्या देवळाची नक्कल मांडली होती. हातपाय धुवायचं पितळी गंगाळ, सात फाट्यांची समई आणि बळीची वेदी. वेदीच्या चार कोपऱ्यांना चार शिंगं, रक्ताऐवजी ओला गेरू फासलेली. साहेब सांगायचे, "शिंग म्हणजे देवाचं बळ. ते धरणाऱ्याला कोणी शिवत नसे. पण कपटानं जीव घेणाऱ्याला तिथूनही ओढून काढा, अशी त्याच देवाची आज्ञा."

तानुबाईने दोन्ही गोष्टी पदराला बांधल्या. बाजारात शेषरावची बायको मैनाबाई भेटली, तेव्हा गाठ सोडली ती पहिलीचीच.

"मैना, नवऱ्याले रानात काहून मरू देऊन राहिली? रविवारी मिशनात येऊन वेदीचं शिंग धर म्हणा त्याले. तिथं पोलीस बी हात लावत नाही."

"हे तू सांगून राहिली? तू?"

"थकली व माय. भाऊ तं काही परत येत नाही."

रविवारी शेषराव आला. दाढी छातीवर, डोळे खोल. धावत जाऊन त्याने दोन शिंगं गच्च धरली. तानुबाईने आधीच बोलावलेला हवालदार कडुनिंबाआडून निघाला, तसे साहेब आडवे आले.

"थांबा! हा शरण आला आहे."

"कपटानं मारणाऱ्याचं काय करा म्हणते तुमचा देव?" तानुबाई पुढे झाली. "बोला ना साहेब. त्यालेबी आयकू द्या."

साहेबांनी शेषरावकडे पाहिलं. "जेवायला बोलावून मारलंस?"

शेषरावने मान खाली घालून शिंगं आणखी आवळली. साहेबांचा आडवा हात खाली आला.

"मैना तं म्हणे..." शेषराव किंचाळला.

"मैनाले मीनंच सांगतलं. अर्धं!"

हवालदाराने दंडाला धरलं. "जरा थांब, दादा," म्हणत तानुबाईने गंगाळातून तांब्या भरला आणि शेषरावच्या डोक्यावर ओतला, कौल घ्यायला देवीपुढच्या बोकडावर ओततात तसा. त्याचं सगळं अंग थरथरलं. हातांचा गेरू कोपरांवरून लाल ओघळला.

"झाडलं अंग," ती म्हणाली. "घेतला देवानं. ने आता."