उपाशी ऑर्किड

गुणमालाआक्कांनी कुंडी पोत्यावर उपडी केली. आतून काळ्या चिखलाचा गोळा थप्पकन पडला आणि त्याच्या वासानं ओसरीवरचं मांजर उठून गेलं.

"ह्यात काय काय घातलंसा?"

"काळी माती," लालासाहेब म्हणाले. "शेणखत. वाईच युरिया. आन् पाणी दिसातनं दोनदा."

"ऊस लावलासा व्हय?"

लालासाहेब गप्प बसले. हे गावानं याआधी पाहिलं नव्हतं. त्यांच्या उसात एकदा बैलजोडी शिरली, ती तीन दिवसांनी सापडली, तोवर बैलांच्या घामाला मुंग्या लागत होत्या, असं ते सांगत. आणि निम्मं गाव मान डोलवी, कारण ऊस खरोखरच तसा होता.

पण हे झाड त्यांच्या लेकीचं होतं. अंकिता लष्करात नर्स. मागच्या सुट्टीत आसामातून तिनं हे ऑर्किड आणलं आणि जाताना सांगितलं, "आप्पा, ह्याला काही करू नका. नुसतं सांभाळा." लेकीनं बापावर आजवर काही सोपवलं नव्हतं. एवढ्या बोलणाऱ्यावर कोण सोपवतं? ती गेल्यावर चौथ्याच दिवशी, बिचारं कोळशा-खापरांवर उपाशी बसलंय म्हणून, लालासाहेबांनी त्याला चांगल्या जमिनीत घातलं होतं. आता पानं पिवळी पडली होती, आणि पुढच्या रविवारी अंकिता येणार होती. हातात नऊ दिवस.

आक्कांनी पन्नास वर्षं पानमळा केलेला. त्यांनी हातातली काठी अंगणात टेकवून ठेवली, तर संध्याकाळी तिला पान फुटलेलं असे, अशी ख्याती. त्यांनी मुळं बोटांनी चाचपली. मऊ पडलेली तापवलेल्या पात्यानं कापली, कापल्या जागी हळद लावली. दोन उरली. दोन्ही कुंडीच्या काठावरून बाहेर आलेली.

"आत हुती ती कुजली, बाहेर पळाली ती जगली. ह्याला माती नगं. धरायला खडबडीत कायतरी पायजे, आन् मधनं वारा."

आंब्याची वाळकी साल आली, लोणारी कोळसा आला, जुनी कौलं फुटली, नारळाची सोडणं पेरापेराएवढी कापली गेली. झाड तोवर ओल्या फडक्यात, सावलीला टांगलेलं.

"फोनवरच्या व्हिडिओत म्हणत्यात, साल उकळून घ्या," लालासाहेबांनी धीर करून सांगितलं.

"आन् तिच्यात कोण ऱ्हातंय, ते फोनवर सांगितलं का?"

आक्का जैन, पाणीसुद्धा गाळून पिणाऱ्या. साल पांढऱ्या धोतरावर पसरली गेली, आणि तीन दिवस लालासाहेब एकेक तुकडा तळहातावर हळूच आपटत राहिले. जो बाहेर पडेल त्याला उचलून आंब्यावर सोडायचं. शेवटचा कोळी शेजाऱ्यांचा निरोप घेऊन मगच निघाला, असं ते आजही शपथेवर सांगतात.

सोडणांच्या बादलीतलं पाणी चहासारखं निघे.

"वता. परत भिजवा," आक्का लालासाहेबांना म्हणत.

चौथ्या दिवशी, सातव्या पाण्याला, आक्कांनी ओंजळ उजेडात धरली, पाणी नितळ बघून मान डोलवली. मग खापरं-कोळसा चाळला. भुकटी राहिली तर पाणी धरंल, म्हणाल्या. तळाला मोठी खापरं, वर बाकीचं मिसळून. त्यांनी काही दाबलं नाही. कुंडीला दोन्ही हातांनी हलके हिसके दिले आणि प्रत्येक तुकडा आपापली जागा शोधून बसला. लालासाहेब बघत राहिले. उसाचं बेणं दाबून दाबून त्यांचा सारा जन्म गेला होता.

"आक्का, ही झाडं किती वर्सं लावताय?"

"परवाच बघितलं की पयलं. तुमी आणलंसा तवा." चिंधीनं खोड बांधता बांधता त्या म्हणाल्या, "आता तीन दिस पाणी न्हाई."

ते तीन दिवस लालासाहेब कुंडीपुढं दोन्ही हात काखेत दाबून बसले.

रविवारी अंकिता आली. तिनं कुंडी उचलून फिरवली. पानं दोनच उरली होती, पण एका मुळाचं टोक हिरवं होऊन कोळशाला चिकटलं होतं.

"आप्पा, हे कुणी बांधलं?"

"मी मारलं हुतं," लालासाहेब म्हणाले. "आक्कांनी जगवलं."

"मी नुसती बसली हुती गं," आक्का म्हणाल्या. "त्येंचं हात बघ."

अंकितानं बघितले. नखं सोडणांच्या पाण्यानं तांबडी झालेली, बोटं सुरकुतलेली. ती बाहेर गाडीकडे गेली आणि एक खोकं घेऊन आली. ओल्या तरटात गुंडाळलेली आणखी दोन झाडं, मुळं मोकळी लोंबणारी, तिनं बापाच्या पुढ्यात ठेवली.

"ह्यांना अजून कुंडी नाही, आप्पा."

आता हा माणूस काय बोलतो म्हणून दोघी वाट बघत राहिल्या. लालासाहेब उठले, सोडणांचा उरलेला ढीग बादलीत घातला आणि बादली नळाखाली सरकवली.