देगलूर मार्गे

लुंबिनीने कागदावर चार रकाने पाडले होते. कधी निघायचं, कधी पोचायचं, किती उशीर चालेल आणि त्याहून जास्त झाला तर काय करायचं. शेवटचा रकाना सगळ्यांत गच्च भरला होता.

शनिवारी दुपारी तीनला कोचीच्या बंदरात जहाजाचं दार बंद होणार, म्हणून शुक्रवारी रात्रीच कोचीत मुक्काम. त्यासाठी हैदराबादहून संध्याकाळी सव्वापाचचं विमान आणि हैदराबादला जायला नांदेडहून सकाळी साडेआठचं. मध्ये सात तास मोकळे. तिकीट काढून देणारा म्हणाला होता, "मॅडम, एवढा वेळ बसून काय करणार?" ती म्हणाली होती, "बसू."

पाच दिवसांची ही सहल अण्णांनी ठरवली होती. अण्णा, म्हणजे भीमराव सोनकांबळे, एकतीस वर्षं लातूरच्या एसटी स्टँडावर कंट्रोलर होते. रस्ता लागत नाही अशा गाडीत एकदा बसायचं, एवढीच त्यांची हौस. फेब्रुवारीत त्यांनी स्वतःसाठी आणि सुमनबाईंसाठी जहाजातली खोली घेतली आणि मे महिन्यात ते गेले. लुंबिनीने त्यांचं नाव काढून आपलं घालायचा अर्ज भरला. त्यात एक ओळ होती, 'मूळ प्रवासी न येण्याचे कारण'. त्या एका ओळीला तिला दोन दिवस लागले.

शुक्रवारी साडेसातलाच मायलेकी नांदेडच्या विमानतळावर बसल्या होत्या. लातूरहून त्या आदल्या दिवशीच आल्या होत्या, अजीजभाईंच्या भाड्याच्या गाडीतून. सुमनबाईंनी लुगड्याखाली नवे कॅनव्हासचे बूट घातले होते. जहाजाच्या पत्रकात लिहिलं होतं, न घसरणारी पादत्राणं आणा.

साडेआठचे साडेनऊ झाले. साडेनऊचे साडेदहा. काउंटरवरची मुलगी बॅगा घेईना, पण दर वेळी गोड हसून म्हणायची, "जस्ट वन अवर, मॅम."

लुंबिनी उठून विमानांच्या वेळांचा फलक पाहून आली. मे महिन्यातही असंच झालं होतं. बंगळुरूला ती कॉलेजात शिकवायची. सकाळी फोन आला, ती विमानतळावर धावली आणि तासभर, अजून तासभर, म्हणत तिला तिथेच दुपारचे तीन वाजले. लातूरला पोचली तेव्हा रात्रीचे आठ झाले होते. अण्णांना पाचलाच नेलं होतं. सगळी व्यवस्था धाकट्या काकांनी, पंढरीकाकांनी केली होती. तीन तास थांबवलं नाही अण्णांना. तेव्हापासून सात महिने ती काकांशी बोलली नव्हती.

आईचा फोन वाजला. तिसऱ्यांदा.

"न्हाई रे पंढरी, अजून तितंच बसलोत," आई म्हणाली, मग फोनवर हात ठेवून लेकीकडे वळली. "बोलतीस?"

"नको."

आईने फोन ठेवला. फलकावर आता वेळच नव्हती, नंतर कळवू एवढंच होतं.

"तुझे अण्णा काय म्हणायचे ठाऊक हाय ना? खिडकीवरचा माणूस दोनदा 'येतीच हाय' म्हणला की ती गाडी निघालीच न्हाई समजायचं."

लुंबिनीने हिशोब मांडला. सव्वापाचच्या विमानासाठी बॅगा सव्वाचारपर्यंत द्यायच्या. रस्त्याने पावणेसहा तास. आत्ता दहा वाजून दहा मिनिटं. उद्या सकाळच्या कोचीच्या विमानात जागा नव्हती, तिने कालच पाहिलं होतं. इथे थांबून विमान तासाभरात निघालं तर काळजीच नाही. नाही निघालं तर जहाज गेलं. मे महिन्यात ती थांबली होती.

तिने अजीजभाईंना फोन लावला. ते रात्री नांदेडातच लेकीकडे, रुखसारकडे राहिले होते.

"देगलूर नाक्यावर हाय ताई, नाश्ता करून राहिलो. आलोच."

"आलोच म्हणजे किती वेळ?"

"आलोच म्हणजे हात धुतो अन् येतो. हात तरी धुऊ द्या."

दहा पंचवीसला गाडी सुटली. नायगाव मागे पडलं. मग अजीजभाईंनीच तोंड उघडलं.

"वैनी, साहेबांनी मला स्टँडावरून किती येळा हाकललं असंल? खासगी गाडी दोनशे मीटर लांब, अज्या! शिट्टी फुंकत माझ्या मागं यायचे. आज बगा, त्यांच्याच सवाऱ्या माझ्या गाडीत."

"वरून बघत असले तर तुझा नंबर लिहून घेतला असंल," आई म्हणाली.

लुंबिनी हसली नाही. ती फोनवर नकाशा बघत होती. चार वाजून दोन मिनिटांनी पोचणार, असं तो सांगत होता. मग चार वाजून पाच.

देगलूरला डिझेलसाठी थांबले तेव्हा बारा वाजले होते. तेवढ्यात फोनवर संदेश आला. नांदेडचं विमान अकरा पन्नासला उडालं होतं. त्यातली माणसं एकला हैदराबादला पोचून निवांत जेवणार होती.

तिने तो संदेश दोनदा वाचला. "मी पुन्हा चुकले," ती म्हणाली. आईने फोन तिच्या हातातून काढून घेतला.

"पुन्हा कशाला म्हणतीस? मे महिन्यात तू चुकली न्हाईस."

"उशीर झाला मला."

"झाला. पण तुझ्यासाठी थांबता येत हुतं." आई पंपाच्या भिंतीकडे बघत बोलत होती. "पंढरीनं बर्फाच्या लाद्या सांगून ठिवल्या हुत्या. वैनी, लेकरू येऊ द्या म्हणला. म्या न्हाई म्हणलं. पाच म्हणजे पाच."

लुंबिनीला आधी कळलंच नाही.

"तू?"

"एकतीस वर्षं त्या माणसानं कुणासाठी गाडी थांबवली न्हाई. तुझ्यासाठी बी न्हाई."

ते खरं होतं. बारावीच्या परीक्षेला ती हॉलतिकीट हातात घेऊन स्टँडावर पळत आली होती. अण्णांनी तिच्याकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं आणि शिट्टी मारली. ती पुढच्या गाडीने गेली.

"म्हणून?" तिने विचारलं.

"म्हणून न्हाई. ते लोकांना सांगाया झालं. तू दारात आली असतीस तर मला उभं राहाया आलं नसतं, लुंबे. मला ते उभ्यानं उरकायचं हुतं."

"आणि काका? सात महिने मी त्यांना..."

"म्या त्याचं नाव घेतलं न्हाई. तूच धरलंस. मी सांगते म्हणलं तर म्हणला, राहू द्या वैनी, माझ्यावरच राहू द्या. लेक आईवर रुसली तर जाईल कुठं."

लुंबिनीला रडू आलं नाही, राग आला. आईचा, काकांचा, त्या अकरा पन्नासच्या विमानाचा.

अजीजभाईंनी हॉर्न वाजवला. "ताई, रुसायचं ते गाडीत बसून रुसा. पाच मिंटं गेली."

पुढचे चार तास तिने फक्त घड्याळ पाहिलं. टोलनाक्यावर ट्रकची रांग लागली तेव्हा तिने डोळे मिटून घेतले. संगारेड्डीच्या पुढे नकाशाने चार अकरा दाखवलं. आईने मधेच एक गुळाची पोळी पुढे केली. तिने मान हलवली. आईने ती परत डब्यात ठेवली, थोड्या वेळाने पुन्हा पुढे केली. मग तिने खाल्ली.

चार वाजून सहा मिनिटांनी अजीजभाईंनी गाडी विमानतळाच्या दारात उभी केली आणि दोन्ही बॅगा स्वतःच खाली फेकल्या. "पळा!"

आई पुढे पळत होती. कॅनव्हासचे बूट गुळगुळीत फरशीवर जराही घसरले नाहीत. दुसरी बॅग पट्ट्यावर सरकली तेव्हा काउंटरवरच्या घड्याळात चार अकरा झाले होते. लुंबिनीने काउंटरचा काठ धरून ठेवला. चौथा रकाना लागलाच नव्हता, तरी तिला कागदाची घडी करता येईना.

आईच्या पिशवीत फोन वाजला. आईने काढला, नाव पाहिलं आणि काही न विचारता लेकीपुढे धरला. हात तसाच धरून ठेवला, गुळाच्या पोळीसारखा.

लुंबिनीने घेतला.

"वैनी, मिळालं का इमान?"

"काका, मी लुंबिनी."

पलीकडे कुणाच्या तरी कुकरची शिट्टी झाली.

"मिळालं, काका. चार मिनिटं राहिली होती."

"चार," काका म्हणाले. "दादा असता तर म्हणला असता, चार लई झाली." मग घाईघाईने, "आईला पाणी पाज. पळाली असंल ती."

"पळाली. माझ्यापुढं."

एवढंच बोलणं झालं. तरी फोन कुणीच ठेवला नाही. आई बाकावर बसून बुटांच्या नाड्या सोडत होती.